क्ले बार, गाडीचा रंग आणि आपल्या हाताची किंमत

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या आणि बचतगटांच्या प्रतिनिधी यांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळच्या सत्रात आपण रेशन, पाणी आणि पोटगी यांवर बोललो. जेवणानंतरच्या सत्राचा विषय फळ्यावर वाचून तुमच्यातल्या बऱ्याचजणी हसल्या. ‘गाडीचा रंग आणि क्ले बार’. तुमचं हसणं मला समजतं. मी समाजकार्यात एम. ए. केलं, दहा-बारा वर्षं वस्तीत काम केलं, आणि एवढ्या काळात चारचाकी गाडीशी माझा संबंध रस्ता ओलांडण्यापुरताच होता. मी मेकॅनिक नाही. मला गाडी चालवताही येत नाही. तरीही आज मी या विषयावर उभी आहे, कारण आमच्या वस्तीतल्या एका बाईची दोन महिन्यांची मजुरी या रंगापायी बुडाली.

आधी ती हकीकत सांगते. आमची वस्ती पिंपरी-चिंचवडमधली. शेजारी मोठमोठ्या सोसायट्या उठल्या आहेत. वस्तीतल्या बऱ्याच बायका तिथे धुणी-भांडी करतात, आणि काहीजणी पहाटे पाचला उठून पार्किंगमधल्या गाड्या पुसतात. एका गाडीचे महिन्याला पाचशे-सहाशे रुपये मिळतात. सुट्टी घेतली की पैसे कापतात. आमच्या गटातल्या एक मावशी अशा अकरा गाड्या पुसत होत्या. एक दिवस एका काळ्या गाडीचे मालक खाली आले. उन्हात गाडी उभी करून म्हणाले, ‘हे बघा, सगळ्या बॉनेटवर जाळी पडलीय. तुमच्या हातानं माझ्या गाडीचं वाटोळं झालं.’ खरंच उन्हात पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसत होत्या. त्यांनी मावशींचे दोन महिन्यांचे पैसे अडवले. हे पाहून दुसऱ्या तिघांनीही काम काढून घेतलं.

मावशी माझ्याकडे आल्या. मी नेहमीप्रमाणे अर्ज लिहायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच लिहिता येत नाही. त्या रेघा कशानं पडल्या? मावशींच्या हातानं, की आणखी कशानं? मजुरी बुडवणं अन्याय आहे एवढं मला ठाऊक होतं. पण समोरचा माणूस रंगाबद्दल बोलत होता आणि मला रंगातलं काही कळत नव्हतं. कामाची माहिती नसली की वाटाघाटीत आपण फक्त विनवणी करतो. म्हणून आम्ही पाचजणी एका गॅरेजमध्ये गेलो. तिथे गाड्यांचं डिटेलिंग होतं. तिथल्या कारागिरानं आम्हांला एका जुन्या बॉनेटवर सगळं समजावून सांगितलं, आणि पुढे चार रविवार आमच्या हातानं करून घेतलं. आज मी सांगणार आहे ते तिथे शिकलेलं आहे, आणि त्यानंतर चुका करून शिकलेलंही आहे.

रंगावर काय बसतं

आपल्याला गाडीचा रंग म्हणजे एक थर वाटतो. प्रत्यक्षात पत्र्यावर गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर एक पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक दिसते ती त्या वरच्या थराची. तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या पातळ थराभोवती फिरतं.

या थरावर धूळ बसते, ती पाण्यानं जाते. पण काही गोष्टी पाण्यानं आणि शाम्पूनंही जात नाहीत. ब्रेक दाबला की चकती आणि पॅड यांतून लोखंडाचे बारीक गरम कण उडतात. ते रंगात रुतून बसतात आणि पावसाळ्यात गंजतात. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात ते हेच. आमच्याकडे भोसरीच्या बाजूला छोटे कारखाने आहेत, ग्राइंडिंगची धूळ उडते, रेल्वेची लाइन जवळ आहे. गाडी कुठे उभी असते त्यावर तिच्या अंगावर काय बसतं ते ठरतं. झाडाखाली उभी असेल तर चिकट डिंकासारखे थेंब. नव्या रस्त्यावरून आली असेल तर खालच्या बाजूला डांबराचे शिंतोडे. शेजारी इमारतीला रंग देत असतील तर हवेतून आलेला रंगाचा तुषार. आणि बोअरचं जड पाणी गाडीवरच वाळू दिलं तर क्षारांचे पांढरे डाग.

यातलं बरंचसं डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला कळतं. गाडी धुऊन, पुसून, कोरडी करायची. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची आणि बोटं अलगद रंगावरून फिरवायची. पिशवीमुळे स्पर्श जास्त तीव्र होतो. स्वच्छ रंग काचेसारखा गुळगुळीत लागतो. कण रुतलेले असतील तर बारीक रवा सांडल्यासारखं खरखरीत लागतं. आम्ही पाचहीजणींनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सगळ्यांनी एकदम हात मागे घेतला. इतकी चकचकीत दिसणारी गाडी इतकी खरखरीत असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

क्ले बार म्हणजे काय

हे रुतलेले कण काढायला जो गोळा वापरतात तो क्ले बार. नावात क्ले आहे म्हणून ती चिकणमाती समजू नका. ते मऊ, ताणलं जाणारं प्लास्टिकसारखं द्रव्य असतं आणि त्यात अतिशय बारीक घासणारी भुकटी मिसळलेली असते. ही युक्ती जपानमधून आली. तादाओ कोदाते या जपानी गृहस्थांच्या नावानं १९९० च्या दशकात अमेरिकेत तिचं पेटंट नोंदलं गेलं. आज ती आपल्याकडे कुठल्याही गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळते. मऊ, मध्यम आणि कडक असे प्रकार असतात. शिकणारीनं नेहमी मऊच घ्यावा. कडक गोळा काम लवकर करतो, पण रंगावर धूसर रेघा ठेवून जातो आणि त्या काढायला पॉलिश करावं लागतं.

हा गोळा काम कसा करतो? रंगावर निसरडं पाणी मारलेलं असतं. गोळा त्या पाण्यावर तरंगत पुढे सरकतो. जिथे रंग साफ आहे तिथे तो घसरून जातो. जिथे कण वर डोकावतोय तिथे तो अडतो, कणाला धरतो आणि उपटून स्वतःच्या अंगात घेतो. पाणी नसेल तर हाच गोळा रंगावर चिकटतो आणि रंगाला ओरखडतो. म्हणून पाणी हे या कामातलं अर्धं काम आहे.

करायचं कसं

आता क्रमानं सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिलं, गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार हवा. उन्हात पाणी लगेच वाळतं आणि गोळ्याचे डाग रंगावर चिकटतात. गाडी आधी नीट धुवायची. त्यासाठी दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. कापड गाडीवर फिरवलं की आधी साध्या पाण्यात हलवून घ्यायचं, मग शाम्पूत बुडवायचं. भांड्यांची पावडर किंवा साबण वापरायचा नाही. त्यानं गाडीवरचं मेण निघून जातं.

दुसरं, गोळा साधारण शंभर ग्रॅमचा असतो. तो अख्खा वापरू नका. तीन-चार तुकडे करा, एक हातात घ्या, बाकीचे डबीत ठेवा. हातातला तुकडा मळून तीन-चार बोटांखाली मावेल एवढी चपटी टिकली करा. थंडीत तो कडक होतो, तेव्हा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावा.

तिसरं, एका वेळी दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढाच भाग घ्या. त्यावर फवाऱ्यानं भरपूर निसरडं पाणी मारा. बाजारात यासाठी वेगळं द्रव मिळतं. गाडीचा शाम्पू पाण्यात मिसळूनही चालतं. गोळ्यावरही मारा. मग टिकली सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, गोल गोल नाही. सरळ फिरवताना चुकून रेघ पडलीच तर ती कमी दिसते आणि कुठे पडली ते कळतं.

चौथं, जोर लावायचा नाही. गोळा हातातून पडणार नाही एवढाच दाब. सुरुवातीला खरखर ऐकू येते, बोटांना अडल्यासारखं लागतं. पाच-सहा वेळा फिरवलं की आवाज कमी होतो आणि गोळा सरसर घसरायला लागतो. तो भाग झाला. मऊ मायक्रोफायबर कापडानं पुसा, पुन्हा पिशवी घालून हात फिरवा आणि पुढे सरका.

पाचवं, दर थोड्या वेळानं टिकली उलटून पाहा. काळी झाली असेल तर घडी घालून पुन्हा मळा, स्वच्छ बाजू वर आणा. टप, बॉनेट, डिकी असं वरून खाली यायचं. दाराचा खालचा भाग आणि चाकाजवळचा भाग शेवटी, कारण सगळ्यांत जास्त घाण तिथे असते. त्या भागाचा तुकडा वेगळा ठेवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तुकडा जमिनीवर पडला की फेकून द्या. धुऊन घेऊ, वरवर पुसून घेऊ, असं मनात आणू नका. जमिनीवरची वाळू त्यात रुतते आणि पुढच्या फेरीत तीच वाळू तुम्ही रंगावर घासता. आपल्याला काही फेकून द्यायची सवय नाही. आमच्यातल्या एकीनं पडलेला तुकडा पदरानं पुसून वापरला होता. तो जुन्या बॉनेटवर होता म्हणून निभावलं. तिथे पडलेल्या रेघा आम्ही मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत, नव्या मुलींना दाखवायला.

सगळी गाडी झाली की पुन्हा धुवायची. गोळ्यानं कणांबरोबर आधीचं मेणही निघालेलं असतं, म्हणून रंग उघडा पडतो. त्यावर मेण किंवा सीलंट लावलंच पाहिजे. हे न करता गाडी दिली तर काम अर्धवट दिलं असं समजा.

आता काय होत नाही तेही सांगते, कारण गिऱ्हाईकाला खोटं सांगून काम घ्यायचं नाही. क्ले बारनं ओरखडे जात नाहीत. ती कोळ्याची जाळी जात नाही. त्याला पॉलिश लागतं, आणि पॉलिश करताना त्या पातळ थरातलं थोडं कायमचं कमी होतं. खोल क्षारांचे डाग क्लेनं निघत नाहीत. मॅट रंगाच्या गाडीला क्ले लावायचा नाही. नवा रंग मारलेला भाग पूर्ण वाळून पक्का होईपर्यंत हात लावायचा नाही. आणि हे दर आठवड्याचं काम नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, तेही हाताला खरखरीत लागलं तरच.

मावशींच्या रेघा

हे शिकल्यावर मावशींचा प्रश्न आम्हांला उलगडला. ती जाळी कशी पडते, हे कारागिरानं दाखवलं. सुक्या धुळीवर सुकं फडकं फिरवलं, किंवा मातकट पाण्यातलं फडकं पुन्हा पुन्हा फिरवलं, की प्रत्येक कण रंगावर एक रेघ ओढतो. मग आम्ही मावशींना विचारलं, तुम्ही पुसता कशा? त्या म्हणाल्या, ‘सोसायटीत पाण्याची बोंब आहे. वॉचमन एकच बादली भरू देतो. त्या एका बादलीत अकरा गाड्या.’ फडकं? ‘मालकीणबाईंनी दिलेला जुना टॉवेल.’

म्हणजे पाणी सोसायटीनं तोडलं, फडकं मालकानं दिलं, आणि रेघा मावशींच्या हातानं पडल्या असं ठरलं. आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात हा हिशोब ओळखीचा आहे. साधनं दुसऱ्याच्या हातात आणि दोष आपल्या हाताला.

आम्ही त्या मालकांकडे पुन्हा गेलो. या वेळी हातात एक प्लास्टिकची पिशवी आणि एक स्वच्छ कापड होतं. मावशींनी त्यांना गाडीवर हात फिरवायला लावला. मग एका बादलीतलं अकराव्या गाडीचं पाणी काचेच्या ग्लासात भरून दाखवलं. तळाशी वाळू बसलेली होती. ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी एका महिन्याचे पैसे दिले. दुसऱ्या महिन्याचे अजून दिलेले नाहीत. आमचा विजय झाला असं मी म्हणणार नाही. पण दोन बादल्या पाणी आणि गाडीमालकानं द्यायची दोन स्वच्छ कापडं, एवढं त्या सोसायटीत ठरलं. ते विनवणीनं ठरलं नव्हतं. मावशींनी कारण दाखवून दिलं म्हणून ठरलं.

कणकेची गोष्ट

आता माझी एक चूक सांगते. शिकण्याच्या पहिल्या रविवारी बायका घाबरल्या होत्या. कुणी गोळा हातात घेईना. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, ‘अगं, घाबरता काय? कणीक तर रोज मळता. तुमच्या हातांना हे आपोआपच जमेल.’ सगळ्या हसल्या. पण एक ताई गोळा खाली ठेवून म्हणाल्या, ‘आपोआप जमतं म्हटलं की त्याचे पैसे कोण देणार, ताई?’

मी गप्प झाले. स्त्रियांच्या श्रमांवर मी कितीदा बोलले असेन. बिनमोबदल्याचं काम, अदृश्य श्रम, सगळे शब्द मला पाठ आहेत. आणि तरीही माझ्या तोंडून तेच निघालं. बायकांची बोटं नाजूक, बायका मुळातच चिकाटीच्या, बायकांना स्वच्छता उपजतच कळते, असं म्हणत म्हणत बायकांचं कौशल्य फुकटात पडतं. विड्या वळणाऱ्या बाईचं, काजू सोलणाऱ्या बाईचं, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात बारीक तार जोडणाऱ्या मुलीचं. पुरुष शिकला तर कारागीर. बाई शिकली तर तिला ते येतच होतं.

त्या ताईंचं म्हणणं खरंही होतं. कणीक मळणारीला क्ले आपोआप जमत नाही. कणकेला जोर लागतो, इथे जोर लावला की नुकसान. दाब कमी ठेवायला आम्हांला तीन रविवार लागले. वर्षानुवर्षं घासण्याची सवय असलेला हात हलका करणं फार अवघड आहे. म्हणून त्या दिवसापासून आम्ही ‘जमेल’ हा शब्द बंद केला. ‘शिकले’ म्हणतो. किती दिवस शिकले, किती गाड्यांवर शिकले, ते वहीत लिहितो. दर ठरवताना ती वही पुढे ठेवतो.

गाडी ‘पुसणं’ आणि गाडीचं ‘डिटेलिंग’ यांच्या दरांत किती अंतर आहे ते पाहा. महिनाभर रोज पुसण्याचे पाचशे रुपये. आणि गॅरेजमध्ये क्ले, पॉलिश, मेण असं एका दिवसाचं काम केलं की बिल हजारांत जातं. त्यात यंत्रं आहेत, जागेचं भाडं आहे, हे मान्य. पण एक भाग शब्दाचाही आहे. पुसणं म्हटलं की ते बाईचं, आणि आपल्या समाजात ठराविक जातींतल्या बाईचं काम ठरतं. तेच इंग्रजी नाव लावून टी-शर्ट घातलेल्या मुलानं केलं की तो टेक्निशियन होतो. शिकायला आम्ही दुसऱ्या दोन गॅरेजांतही विचारलं होतं. एका मालकानं सांगितलं, ‘बायकांना पॉलिशचं मशीन पेलणार नाही.’ त्याच बायका डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढतात, हे त्यांना दिसत नसावं.

आमच्या पिंपरीला हे बोलणं नवीन नाही. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकून जाब विचारला, आणि त्या कंपनीत इंजिनीअर म्हणून रुजू झाल्या. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती. आमच्या मावशींकडे चौथीचा दाखलाही नाही. म्हणून पोस्टकार्डानं आमचं काम होणार नाही, आम्हांला गटानंच दार ठोठवावं लागेल. पण ठोठवायचं दार तेच आहे.

हात जपायचे

दराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे हात. क्ले बारनं तसा धोका नाही. धोका त्याच्यासोबत येणाऱ्या बाटल्यांचा आहे. लोखंडाचे कण विरघळवणारं एक द्रव असतं. ते गाडीवर मारलं की जांभळं होऊन ओघळतं. त्याचा वास उग्र येतो. ते उघड्या हवेत, हातमोजे घालूनच वापरायचं आणि रंगावर वाळू द्यायचं नाही.

त्याहून वाईट म्हणजे चाकं उजळवणारी काही आम्लं. काहींत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा त्याच्या जातीचे क्षार असतात. हे आम्ल फसवं आहे. पातळ केलेलं असेल तर कातडीला लागल्या लागल्या दुखत नाही. काही तासांनी दुखायला लागतं, तोवर ते आत मांसापर्यंत, हाडापर्यंत पोचलेलं असतं. असं काही अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि दुखायची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. जाताना बाटली सोबत न्यायची. डॉक्टर त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावतात. आम्ही गटात नियमच केला आहे: लेबल नसलेल्या कॅनमधलं काही वापरायचं नाही, मग मालक कितीही म्हणो.

पहाटेच्या अंधारात तळघरातल्या पार्किंगमध्ये एकटीनं जायचं नाही, हा आमचा दुसरा नियम. दोघी मिळून जातो. त्रास झाला तर कुठे जायचं हेही प्रत्येकीला सांगून ठेवलं आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित कामगार बाईलाही लागू आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येतात. तुमच्या जिल्ह्यातल्या समितीचा पत्ता आणि फोन शोधून गटाच्या वहीत लिहून ठेवा.

ठरवून काम घ्यायचं

आज आमच्या गटातल्या चौघी क्लेचं काम स्वतंत्रपणे घेतात. एका गाडीला दोघींना साधारण अर्धा दिवस लागतो. काम घेण्याआधी आम्ही चार गोष्टी करतो. मालकासमोर गाडीभोवती फेरी मारतो आणि आधीचे ओरखडे कागदावर लिहून फोटो काढतो, म्हणजे नंतर आळ येत नाही. मालकाला पिशवी घालून स्वतः हात फिरवायला लावतो, म्हणजे आपण काय काढणार आहोत ते त्याला कळतं. पाणी किती बादल्या लागेल ते आधी सांगतो. आणि दर आधी ठरवतो. त्यात क्लेचा तुकडा, कापडं, मेण यांचा खर्च वेगळा आणि दोघींची मजुरी वेगळी लिहितो. मजुरी वेगळी लिहिली की ती कुणाला सहज कापता येत नाही. काम झाल्यावर पुन्हा हात फिरवायला लावतो. बऱ्याच वेळा तो माणूस दोनदा हात फिरवतो. मग काही न बोलता पैसे काढतो.

एका जुन्या सहकारी कार्यकर्तीनं मला विचारलं, ‘श्रीमंतांच्या गाड्या चमकवायला शिकवण्यासाठी आपण चळवळीत आलो का?’ प्रश्न बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही. चार बायकांना क्ले बार शिकवून शहरातली विषमता जात नाही. सगळ्यांना हे काम मिळणारही नाही. पाठदुखी असलेल्या, वय झालेल्या बायकांना ते झेपत नाही. त्या मावशींनीच हे काम घेतलं नाही, त्यांच्या गुडघ्यांना बसणं-उठणं होत नाही. पण मावशी आधीही त्या गाड्या पुसतच होत्या, आजही पुसतात. त्या पुसणार हे परिस्थितीनं ठरवलेलं आहे. कोणत्या दरानं, किती पाण्यानं आणि कुणाच्या जोखमीवर, हे ठरवण्यात आपण भाग घ्यायचा की नाही एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून तुमच्या गटांत परत गेल्यावर एक काम करा. क्ले बारच शिकवा असं मी म्हणत नाही. तुमच्या वस्तीतल्या बायका जे काम करतात, मग ते पोळ्या लाटणं असेल, आजारी माणसाची सेवा असेल, भाजी निवडणं असेल, त्या कामाची त्यांच्याच तोंडून एकदा सविस्तर नोंद करा. कशानं बिघडतं, कशानं सुधारतं, कुठे हात हलका ठेवावा लागतो, कुठे डोळा लागतो, साधनं कुणाची आणि शिकायला किती दिवस लागले. त्या नोंदीत ‘आपोआप’ हा शब्द आला की तिथे थांबा आणि पुन्हा विचारा.

इथे टेबलावर जुन्या दाराचा एक तुकडा, पिशव्या, फवारा आणि चार टिकल्या ठेवल्या आहेत. चहाआधी प्रत्येकीनं आधी पिशवी घालून हात फिरवायचा आणि मग गोळा. पाणी भरपूर मारा. आणि हात हलका.